उगाच ओरडणारी गाडी

सोमवार, २ फेब्रुवारी

गाडी आली. पांढरी, आणि आकाराने बुटांच्या खोक्याची थोरली बहीण. आमची जुनी मोठी गाडी लेकीने विकायला लावली. ती गाडी फक्त ह्यांचंच ऐकायची, आणि ह्यांचा उजवा हात आता चमचासुद्धा धरत नाही. झटका आल्यापासून उजवी बाजू अर्धी गेली आणि बोलणं जवळजवळ सगळंच. कळतं सगळं. डोळ्यांत दिसतं की कळतं. पण शब्द तोंडापर्यंत येतो आणि उंबरठ्यावरच अडखळतो.

लेकीचं म्हणणं सरळ आहे. "आई, बाबांना आठवड्यातून तीनदा उपचाराला न्यायचंय. तुला गाडी चालवता आली तर राहा तिथे. नाही जमलं तर दोघं माझ्याकडे या." तिच्याकडे म्हणजे दुसऱ्या शहरात, नवव्या मजल्यावर, जिथे माझं शिवणाचं मशीन बाळंतिणीच्या खोलीत पाहुणा झोपावा तसं कोपऱ्यात पडून राहील. इथे पुढच्या खोलीत माझं दुकान आहे. पडदे, गाद्यांचे अभ्रे, सैल झालेल्या पँटी, घट्ट झालेले कोट. लोकांची पोटं वाढतात तोवर मला काम आहे.

लायसन्स माझ्याकडे जुनं आहे. ह्यांनी कधी चालवू दिलं नाही आणि मीही कधी हट्ट धरला नाही. आता साठीला आल्यावर हट्ट धरते आहे.

ही वही लिहायला घेतली, कारण दिवसभर बोलायला माणूस समोर असतो पण उलट उत्तर येत नाही. इतक्या वर्षांच्या भांडणांची सवय एकदम कशी सुटणार?

गुरुवार, ५ फेब्रुवारी

शोरूममधली पोरगी शिकवायला घरी आली. चुणचुणीत आहे, पण बोलते आगगाडीसारखी. "काकू, हे हॅझर्ड, हे डीफॉगर, हे क्रूझ." मी म्हटलं, बाई गं, आधी मला हॉर्न दाखव, बाकीचं मग.

सीट वर-खाली होते हे कळल्यावर फार बरं वाटलं. आजवर कुठल्याही गाडीत बसले की मला समोर डॅशबोर्डच दिसायचा. आता रस्ता दिसतो. डोक्यामागची ती उशी टेकायला नसते, मागून धडक बसली तर मान मोडू नये म्हणून असते, म्हणून ती डोक्याच्या उंचीला आणायची. मी इतकी वर्षं तिला शोभेची समजत होते. डावीकडच्या दांडीने वायपर, उजवीकडच्या दांडीने वळायचा दिवा. मी वळायचं म्हणून कोरड्या काचेवर वायपर फिरवले. पोरगी हसली नाही, शहाणी आहे. हे मात्र मागच्या सीटवर खुदकन हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा हसले. मी मुद्दाम आणखी एकदा वायपर फिरवले.

सुरक्षेची खाती ह्या गाडीत इतकी आहेत की एखाद्या कचेरीत नसतील. बाजूच्या आरशात एक नारंगी दिवा आहे. बाजूने, आपल्याला दिसत नाही अशा कोनातून काही आलं की तो पेटतो, आणि तरीही तिकडे वळलं की टुणटुण. पट्टा न लावता गाडी हलवली तरी टुणटुण. पार्किंगमध्ये भिंत जवळ आली की पीप-पीप, आणि फारच जवळ आली की सलग किंकाळी. समोर काही आडवं आलं आणि मी ब्रेक दाबला नाही तर गाडी स्वतःच ब्रेक मारते.

"काकू, ही गाडी तुमची काळजी घेते," पोरगी म्हणाली.

मी म्हटलं, माझी काळजी नको, माझे डोळे ठणठणीत आहेत. चष्मा लावला की सुईत दोरा अजून पहिल्या फटक्यात ओवते. तिला ओवून दाखवला. ती म्हणाली, "बापरे, मला नाही जमत." विशीतल्या पोरी, आणि ही गत.

सोमवार, ९ फेब्रुवारी

आज पहिल्यांदा आम्ही दोघंच. छाती इतकी धडधडत होती की इंजिन चालू झालं की नाही ते कळेना. निघाल्या निघाल्या गाडीने ठणाणा सुरू केला. पट्टा लावला होता, दारं लावली होती, हँडब्रेक सोडला होता. शेवटी कळलं, मागच्या सीटवर मी पडद्याच्या कापडाचं गाठोडं ठेवलं होतं. गाडीला वाटलं माणूस आहे आणि पट्टा न लावता बसलाय. गाठोड्याला पट्टा बांधला तेव्हा गप्प झाली.

हे पुढे, माझ्या डावीकडे. लेक म्हणाली होती बाबांना मागे बसव, पण ते ऐकतच नाहीत. पुढच्या दाराला धरून उभेच राहिले. असेल, इतकी वर्षं पुढे बसलेला माणूस मागे कसा बसेल?

हळूहळू गेले. डावीकडच्या आरशातला तो दिवा सारखा पेटत होता. टुणटुणही सारखी. बाजूला तर कोणी नव्हतं. नवीन गाडीत काहीतरी राहून गेलेलं दिसतंय.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. चौकाच्या अलीकडे हे एकदम ताठ झाले आणि मोठ्यांदा म्हणाले, "माणूस!" अगदी स्पष्ट. मी दचकून ब्रेक मारला. खरंच डावीकडून एक म्हातारे गृहस्थ रस्ता ओलांडत होते. मी आनंदाने ह्यांच्याकडे बघतच राहिले. मागचे हॉर्न वाजवायला लागले तेव्हा भानावर आले. किती दिवसांनी पूर्ण शब्द! घरी येऊन लेकीला फोन केला. ती रडली. मीही.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

दुकानातलं स्टूल कोण हलवतं कळत नाही. नडगीला दोनदा लागलं, आता निळंशार झालंय. चहाचा कप उलटला आणि एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कोटावर डाग पडला. धुऊन निघाला, पण माझा जीव टांगणीला लागला होता.

शेजारीण तोंड फुगवून आली. म्हणे, काल भाजीच्या दुकानात मी तुम्हाला हात केला, तुम्ही बघितलंसुद्धा नाही. मी म्हटलं, बाई, मला दिसलाच नाहीत. ती म्हणाली, "शेजारीच तर उभी होते." गाडी आल्यापासून मला शिष्टपणा आलाय असं तिला वाटत असणार. वाटू दे.

बुधवार, १८ फेब्रुवारी

गाडी घेऊन गॅरेजमध्ये गेले. निघताना डावीकडचा आरसा आमच्या फाटकाला घासला. फाटक अरुंदच आहे, जुन्या गाडीलाही अरुंदच होतं, पण हे कसे काढायचे कोण जाणे. डावीकडच्या चाकाची तबकडीही पदपथाला घासून खरवडली आहे. ते जाऊ दे. मुख्य तक्रार ओरडण्याची.

मेकॅनिकने वायर लावली, पडद्यावर काहीबाही बघितलं, स्वतः एक चक्कर मारून आला.

"बाई, काही बिघाड नाही."

"अहो पण उगाच ओरडते. बाजूला कोणी नसताना."

"माझ्याकडे तर एकदाही वाजली नाही."

"मग माझ्यावरच का खार खाते?"

तो हसला. "सवय झाली की कमी वाजेल. नवीन आहात ना."

नवीन आहे म्हणून गाडीने टोमणे मारायचे? घरी सासूबाई होत्या तेव्हा त्यांचं ऐकलं, आता यंत्राचं ऐकायचं. हे शेजारी बसून माझ्याकडे बघत होते. टक लावून. मी म्हटलं, काय हो, मी काय दाखवायला ठेवलेली आहे का? त्यांनी मान वळवली.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

ह्यांचे शब्द वाढताहेत! "स्कूटर." "खांब." "डावीकडे." आज तर "सायकल, सायकल" असं दोनदा म्हणाले आणि चांगल्या हाताने डॅशबोर्डवर थापटलं. सायकल होतीच तिथे. म्हणजे बघून, ओळखून, नाव घेऊन बोलतात. मला इतका हुरूप आला की चुकीच्या वळणावर गेले.

बोलायला शिकवणाऱ्या बाईंना मोठ्या तोऱ्यात सांगितलं. त्यांनी ह्यांच्यासमोर चित्रं ठेवली. सायकल, झाड, घर. हे गप्प. घामाघूम झाले, ओठ हलले, पण शब्द नाही. बाईंना नवल वाटलं. "गाडीत बोलतात आणि इथे नाही? गाडीत काय होतं?"

"काही नाही. मी चालवते, हे बसतात."

"मग गाडीत जास्त फिरवा त्यांना," बाई म्हणाल्या.

फिरवायला काय, ते स्वतःच येतात. आता कापड आणायला निघाले तरी आधी दारात उभे. परवा पाऊल घसरलं, पडता पडता वाचले, तरी हट्टाने गाडीत चढून बसले. विश्वास नाही माझ्यावर, दुसरं काय. राग येतो, पण "डावीकडे" ऐकायला मिळतं म्हणून गप्प बसते.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

लेकीचा फोन. "आई, खरं सांग, जमतंय ना?" म्हटलं, लोण्यासारखी चालवते. आरशाचं सांगितलं नाही. काय सांगायचं? ती लगेच म्हणेल, बघ, मी म्हणत होते ना. आणि महिन्याभरात आमचं सामान नवव्या मजल्यावर.

पण वहीत खोटं कशाला लिहू? मला भीती वाटते. गाडीत बसायच्या आधी तळहात ओले होतात.  रस्त्यावर माणसं एकदम उगवतात. नसतात, नसतात, आणि असतात! पूर्वी लोक असे धावत रस्ता ओलांडायचे नाहीत. हल्ली कोणाला धीरच राहिलेला नाही.

आज हे नवीनच शब्द म्हणाले. "डोळे." जेवताना, मग परत दुकानात येऊन. "डोळे, डोळे." मी विचारलं, दुखतात का? खुपतात? त्यांनी हात झटकला. मी गार पाण्याने त्यांचे डोळे पुसले, औषधाच्या दुकानातून थेंब आणून घातले. ते इतके चिडले की थेंबांची बाटली भिरकावली. झटक्यानंतर स्वभाव चिडका होतो असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं. मीही चिडले. मग दोघंही दोन खोल्यांत बसलो. अगदी पूर्वीसारखं.

रविवार, १ मार्च

आज मी जिंकले. सकाळी गाडी अंगणातच उभी ठेवून आत बसले, आणि गाडीतला तो चित्रांचा पडदा शांतपणे समजून घेतला. चाकाच्या चित्रावर बोट ठेवलं की आत आणखी चित्रं. गाडीच्या चित्रावर ठेवलं की मदत, इशारे, आवाज. भाषा कसली ती, पण कपड्याचा नवा नमुना उलगडतो तसं एकेक करून उलगडलं. कुठला आवाज कशाचा ते कळलं. बाजूचा इशारा बंद. पट्ट्याची टुणटुण बंद. पार्किंगची किंकाळी बंद. आरशातला दिवासुद्धा बंद करता येतो! एक मात्र ऐकेना. आपोआप ब्रेक मारणारं ते. बंद केलं आणि गाडी पुन्हा चालू केली की परत चालू. राहू दे, ते ओरडत नाही.

मग एक चक्कर मारली. काय शांतता! जणू तापट बाई माहेरी गेली. पहिल्यांदा हात ओले झाले नाहीत. वाटलं, आता आपल्याला खरंच गाडी येते.

हे मात्र अस्वस्थ. पडद्याकडे बोट दाखवत होते, आरशाकडे दाखवत होते, आणि "नको, नको" म्हणत होते. मी म्हटलं, अहो, इतकी वर्षं तुम्ही ते जुनं धूड ह्यातलं काही नसताना चालवलंत ना? मग मला का धाक? त्यांनी डोळे मिटून घेतले.

शुक्रवार, ६ मार्च

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

उपचाराहून परतत होतो. उजेड लख्ख, रस्ता मोकळा. दवाखान्यापुढच्या वळणावर मी डावीकडे वळायला लागले. डावीकडे बघितलं होतं. शपथेवर सांगते, मान वळवून बघितलं होतं, आणि तिथे काही नव्हतं. हे ओरडले, "थांब!" मला वाटलं, नेहमीचंच. मी म्हणाले, "अहो, मोकळं आहे." तेवढ्यात गाडी स्वतःच गचकन थांबली. पट्टा छातीत रुतला. ह्यांचा चांगला हात समोरच्या काचेवर आपटला.

समोर एक बाई होती आणि बाळाची ढकलगाडी. ढकलगाडीचं चाक आणि आमच्या गाडीचं नाक यांच्यात माझा एक हातरुमाल मावला असता.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती बाळावर वाकली, त्याचं टोपडं सारखं केलं, आणि माझ्याकडे बघितलं. मग हळूहळू निघून गेली. बाळ झोपेतच होतं.

ती कुठून आली?  डावीकडे रस्ता होता, झाड होतं, भिंत होती. हे सगळं मला दिसलं. ती दिसली नाही. गाडीला दिसली. ह्यांना दिसली.

घरापर्यंत चालत्या माणसाच्या वेगाने आले. हे वाटभर बोलत होते. "माणूस. खांब. माणूस. फाटक." मी पहिल्यांदा प्रत्येक शब्दाला थांबले.

शनिवार, ७ मार्च

दुकान उघडलं नाही. गाडीची चावी पिठाच्या डब्यामागे ठेवली.

हे पुन्हा "डोळे" म्हणतात. आता माझ्यात भांडायचं बळ नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्यांच्यासाठी सोमवारची वेळ घेतली. झटक्याने नजर जाते असं ऐकलंय. एवढं सोसल्यावर डोळेही गेले तर काय करायचं?

सोमवार, ९ मार्च

भाड्याच्या गाडीने गेलो. डॉक्टर बाई तरुण आहेत, मला आजी म्हणाल्या. एरवी मी खपवून घेतलं नसतं.

ह्यांचे डोळे तपासले. "आजोबांचे डोळे छान आहेत. काही काळजी नाही." माझा जीव भांड्यात पडला. मी पर्स उचलली, निघायला वळले. हे उठेनात. मग उठले, माझी बाही धरली, आणि मला त्या खुर्चीकडे ओढलं. एका हाताने, पाय ओढत. डॉक्टर बघत राहिल्या. हे माझ्या खांद्यावर दाबत होते, बस म्हणून. आणि म्हणाले, "डोळे."

"बसा आजी," डॉक्टर म्हणाल्या. "आलाच आहात तर बघून टाकू."

मी शेवटच्या ओळीपर्यंत सगळी अक्षरं वाचली. घडाघडा. ह्यांच्याकडे विजयाने बघितलं. डॉक्टरांनी डोळ्यात फुंकर मारणारं यंत्र लावलं, मग उजेड टाकून खूप वेळ आत बघत राहिल्या.  मग मदतनीस बाई मला दुसऱ्या खोलीत घेऊन गेली.

तिथे एका पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसायचं. मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं, नजर हलवायची नाही, आणि कुठेही बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. आधी उजवा डोळा. मग डावा. डाव्याला दोन-चारदा बटण दाबलं आणि मग काहीच येईना. मी वाट बघत बसले. मान आखडली. शेवटी म्हटलं, "बाई, तुमचं मशीन बंद पडलंय."

"नाही काकू, चालू आहे," ती म्हणाली. आवाज फार मऊ होता.

मी पुन्हा ठिपक्याकडे बघितलं. वाडगा पांढराशुभ्र होता. यंत्रातून बारीक खटखट ऐकू येत होती. प्रत्येक खटखटीला एक दिवा लागत होता आणि मला तो दिसत नव्हता.

काचबिंदू. डॉक्टरांनी चित्र काढून सांगितलं. मधलं शाबूत राहतं आणि कडा जातात, हळूहळू, दुखत नाही, खुपत नाही. डाव्या डोळ्याचा बराच भाग गेलाय, उजव्याचाही नाकाकडचा. म्हणजे दोन्ही मिळून माझी डावी बाजू. गेलं ते परत येणार नाही. उरलं ते थेंबांनी धरून ठेवायचं.

"पण मला काळं दिसत नाही कुठेही," मी म्हटलं.

"काळं दिसत नसतंच आजी. जे दिसत नाही तिथे मेंदू आजूबाजूचा रस्ता, भिंत पसरवून टाकतो. म्हणून कोणाला कळत नाही."

"मी सुईत दोरा ओवते."

"सुई समोर असते."

गाडीचं मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. नाही.

बुधवार, ११ मार्च

दोन दिवस मी ह्यांच्याशी बोलले नाही. रागाने नव्हे. कशाने ते मला सांगता येत नाही.

आज चहा समोर ठेवून विचारलं. "तुम्हाला माहीत होतं?"

मान हलली. हो.

"कधीपासून?"

त्यांनी हाताने चाक फिरवल्यासारखं केलं, आणि बोटाने दाखवलं, पहिल्यापासून.

म्हणजे तो "माणूस," ती "स्कूटर," तो "खांब." मी आनंदाने लेकीला फोन करत होते आणि हा माणूस जिवाच्या आकांताने एकेक शब्द खेचून काढत होता, मला दिसत नव्हतं ते मला दाखवायला. बोलायला शिकवणाऱ्या बाईंपुढे नाही आला शब्द, कारण तिथे चित्रातल्या सायकलवाल्याला कोणी उडवणार नव्हतं. पुढच्या सीटचा हट्ट, प्रत्येक फेरीला येणं, सगळं तेवढ्यासाठी. आणि मी म्हणत होते, विश्वास नाही.

मला रडू आलं. मग भयंकर राग आला. "अहो, लेक आली की तिला दाखवून द्यायचं होतंत! फोन तोंडाशी धरला तेव्हा एक शब्द बोलायचा होतात! त्या बाळाला काही झालं असतं तर?"

त्यांचे ओठ हलायला लागले. मी थांबले. मदत केली नाही, शब्द सुचवला नाही. बराच वेळ गेला, चहावर साय आली.

"घर," ते म्हणाले.

मी खाली बसले. त्यांचंही तेच. मी लेकीला आरशाचं सांगितलं नाही ते ज्यासाठी, त्यासाठीच त्यांनी डोळ्यांचं सांगितलं नाही. मला सांगायचा प्रयत्न तरी केला बिचाऱ्यांनी, मी त्यांच्याच डोळ्यांत थेंब घातले. आम्ही दोघं घर धरून ठेवायला निघालो आणि एका अनोळखी बाईचं बाळ त्यात जाणार होतं. हे मी लिहून ठेवते, कारण उद्या मला स्वतःची दया येईल तेव्हा हे वाचायला हवं.

संध्याकाळी लेकीला फोन करून सगळं सांगितलं. आरसा, चाक, ढकलगाडी, वाडगा. काही लपवलं नाही. 

"येते मी," ती म्हणाली.

शनिवार, १४ मार्च

लेक आली. आधी मला घट्ट धरलं आणि मग दोघांना झापलं. तिचा अधिकार आहे. "बाबांना माहीत होतं, तुला कळत नव्हतं, आणि मला कोणीच काही सांगितलं नाही! मी काय शेजारीण आहे का?"

गाडी ती घेऊन जाणार आहे. तिने चावी मागितली तेव्हा मी म्हटलं, थांब जरा. एकटी अंगणात जाऊन गाडीत बसले, डावीकडच्या सीटवर, ह्यांच्या जागी. पडद्यावरून एकेक इशारा परत चालू केला. बाजूचा, पट्ट्याचा, किंकाळीचा, आरशातला दिवा. लेकीचे डोळे चांगले आहेत, पण राहू दे.

रात्रीच्या जेवणाला तिने विषय काढला. खोली तयार आहे, लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे. तिचं काही चूक नाही. मी हो म्हणणारच होते. हरलेल्या माणसाने अटी घालायच्या नसतात.

हे बोलले. "बस."

लेक म्हणाली, "बसलेच आहे बाबा." त्यांनी मान हलवली, खिडकीबाहेर बोट केलं. रस्त्यापलीकडे बसचा थांबा आहे. तिथून सुटणारी बस दवाखान्याच्या दारात थांबते. आम्हाला माहीत आहे, पण झटक्यानंतर ह्यांना बसमध्ये चढवायचा विचारच कोणी केला नव्हता.

"आणि तो रस्ता?" लेक म्हणाली. "तुला एका बाजूचं दिसत नाही, बाबांना एका बाजूने चालता येत नाही. तो रस्ता कोण ओलांडणार?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मीही त्यांच्याकडे.

"सोमवारी बघ तू," मी म्हटलं.

सोमवार, १६ मार्च

लेक मागे चालत होती, चार पावलं सोडून. मी तिला बजावलं होतं, मध्ये पडायचं नाही. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

मी नेहमी ह्यांच्या उजवीकडून चालते, लुळा हात काखेत धरून. म्हणजे ते माझ्या डावीकडे. झटक्यापासून आम्ही असेच चालतो आहोत.

रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. इथे रस्ता एकेरी, सगळी वाहनं डावीकडूनच येतात. मला रस्ता मोकळा दिसत होता. अगदी स्वच्छ, मोकळा. पूर्वीची मी असते तर चालू लागले असते. मी पाय उचलला नाही. ह्यांच्याकडे बघितलंही नाही. नुसती उभी राहिले. डावीकडून वारा आला आणि एक भला मोठा ट्रक माझ्या पदराला हलवून गेला. मग एक मोटारसायकल. मग आणखी काहीतरी, जे मला पाठमोरंच दिसलं. मागे लेकीची बांगडी वाजली, तिने हात पुढे केला असणार. मग पुन्हा वाजली नाही.

 ह्यांनी मान दोनदा डावीकडे, दोनदा उजवीकडे वळवली ते मला खांद्यापाशी कळलं. भीती वाटत होती, फार वाटत होती, पण ती माझ्या एकटीची नव्हती.

"आता," ते म्हणाले.

मी त्यांचा भार अंगावर घेतला आणि आम्ही निघालो.